‘एल पेर्रो देल ओर्तेलानो’: छंदात बोलणारा सिनेमा की कॅमेऱ्यासमोर ठेवलेलं नाटक?

पिटातला प्रेक्षक

नाटकावरून सिनेमा करायला घेतला की शहाणी माणसं ठरलेला सल्ला देतात. संवाद छाटा, दिवाणखान्यातून बाहेर पडा, आणि पात्रांना रोजच्यासारखं बोलू द्या. स्पॅनिश दिग्दर्शिका पिलार मिरो हिने १९९६ साली यातली शेवटची सूचना सरळ केराच्या टोपलीत टाकली. जुना स्पॅनिश नाटककार लोपे दे वेगा याचं १६१८ साली छापून आलेलं नाटक तिने उचललं, रफाएल पेरेस सिएर्राच्या साथीने त्याची काटछाट केली, पण छंद तसाच ठेवला. सगळी पात्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत पद्यात बोलतात. पैसे घालणाऱ्यांना घाम फुटला असणार. मधे पैसे संपून चित्रीकरण थांबलंही होतं. पुढे सिनेमा पुरा झाला, लोकांनी गर्दी केली आणि सात गोया पुरस्कार (स्पेनचे मानाचे सिनेपुरस्कार) मिळाले. त्यांत दिग्दर्शनाचा मिरोला आणि अभिनयाचा एम्मा सुआरेसला.

गोष्ट थोडक्यात सांगतो. नेपल्समध्ये दियाना नावाची तरुण काउंटेस आहे. मागणी घालणाऱ्या सरदारांना तिने झुलवत ठेवलंय. एका रात्री महालात कुणीतरी पुरुष शिरतो आणि पळून जातो. दियाना दासींना एकेक करून फैलावर घेते, तेव्हा कळतं की तो तिचाच सेक्रेटरी तेओदोरो, मार्सेला या दासीला भेटायला आलेला. तेओदोरो दियानाच्याही मनात होताच, पण खानदान आडवं येत होतं. आता दुसरीने हक्क सांगितल्यावर जळफळाट सुरू. तो जवळ आला की हिला आपलं काउंटेसपण आठवतं, आणि तो मार्सेलाकडे वळला की विसरायला होतं. नावातला माळ्याचा कुत्रा तो हाच. स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला खाऊ देत नाही.

माझं म्हणणं असं, की या गोष्टीतला छंद काढला तर गोष्टच उरत नाही. दियानाला ‘तू मला आवडतोस’ असं म्हणता येत नाही. मग ती एक सुनीत लिहिते, एका मैत्रिणीसाठी लिहिलंय अशी थाप मारते आणि सेक्रेटरीला सांगते, जरा बघ, सुधारून दे. सुनीताचा विषय काय, तर दुसऱ्या कुणाचं प्रेम पाहून स्वतः प्रेमात पडणं! तो बिचारा (बिचारा कसला, पक्का आहे) त्याला सुनीतानेच उत्तर देतो. पुढे ती त्याला एक पत्र सांगते आणि तो लिहून घेतो. मजकूर असा, की थोर घरच्या बाईने हलक्या कुळातल्या पुरुषाला मनातलं सांगितल्यावरही जो परत दुसरीशी बोलायला जातो, तो मूर्ख. लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की हे पत्र आपल्यालाच आहे. ज्या घरात प्रेमसुद्धा मसुद्याच्या रूपाने पुढे सरकतं, तिथली माणसं गद्यात बोलून कसं चालेल? शिवाय लोपे स्वतः सेसाच्या ड्यूकचा सेक्रेटरी होता आणि त्याची प्रेमपत्रं लिहून द्यायचा. हे घर त्याला आतून ठाऊक होतं.

मिरोने हे ओळखलं म्हणून हा सिनेमा टिकला. ‘नाटकी’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी या.

तांबडा रस्सा

आलो. नाक मुरडूनच आलो.

पिटराव, तुम्ही जे सांगताय ते नाटकाचं कौतुक आहे. सुनीत लोपेचं, पत्र लोपेचं, सेक्रेटरी लोपेचा. मिरोबाईंनी काय केलं? माणसं उत्तम कपड्यांत, उत्तम महालांत उभी केली आणि बोलायला लावली. मी सिनेमा पाहिला तेव्हा पहिली वीस मिनिटं पडद्याचा खालचाच भाग बघत होतो, कारण उपशीर्षकं थांबतच नाहीत. चेहरा बघावा तर ओळ निसटते, ओळ वाचावी तर चेहरा. आणि त्या उपशीर्षकांत छंद असतो का? नसतो. म्हणजे स्पेनबाहेरच्या माणसाला ज्या गोष्टीसाठी हा सिनेमा बघायला सांगताय, नेमकी तीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सिनेमाने दाखवावं, सांगू नये, हे मी काही नवीन बोलत नाही. इथे तेओदोरोची महत्त्वाकांक्षा कशी कळते? तो सांगतो म्हणून. दियानाची घालमेल कशी कळते? ती सांगते म्हणून. तीन हजारांहून जास्त ओळींचं नाटक थोडं कापलं म्हणजे पटकथा होत नाही.

विंगेतली बाई

रस्सेभाऊ, तुमची तक्रार उपशीर्षकांबद्दल आहे, ती सिनेमाच्या माथी मारू नका. :)

मी नाटकवाली, त्यामुळे माझा कान आधी बोलण्याकडे जातो. या लोकांनी छंद कसा बोललाय ते ऐका. स्पॅनिश कळत नसेल तर फारच उत्तम, नुसतं ऐकता येतं. एम्मा सुआरेस (दियाना) आणि कार्मेलो गोमेस (तेओदोरो) दोघेही सिनेमातले नट, हुलिओ मेदेमच्या सिनेमांतून एकत्र दिसलेले. ओळ संपली म्हणून ते थांबत नाहीत आणि यमक आलं म्हणून त्यावर जोर देत नाहीत. अर्थ जिथे थांबतो तिथे श्वास. आपल्याकडे पद्य नाटकांत नट ‘आता बघा हं, कविता येतेय’ असा गळा काढतात, तसं एकदाही होत नाही. हे करायला किती तालीम लागते ते मला विचारा. चार ओळी पाठ असणं वेगळं आणि त्या आत्ता सुचल्यासारख्या बोलणं वेगळं.

दुसरं म्हणजे, ‘छंद’ असं एकवचनी बोलू नका. लोपेने १६०९ साली नाटक कसं लिहावं यावर एक पद्यनिबंध लिहिला. (पंडित मंडळींसमोर वाचायचा होता, म्हणून आव नम्रतेचा आणि आतून ‘मी लोकांना आवडेल तेच लिहितो, जा’.) त्यात तो स्पष्ट सांगतो की गाऱ्हाण्याला देसिमा हे वृत्त वापरा, हकिगत सांगायला रोमान्से, प्रेमाच्या गोष्टींना रेदोंदिया, आणि जो वाट बघत थांबलाय त्याच्या तोंडी सुनीत. म्हणजे वृत्त बदललं की प्रेक्षकाच्या कानाला आधी कळतं, प्रसंगाचा रंग बदलला. आपल्या संगीत नाटकात साकी, दिंडी, कामदा अशी चाल बदलली की प्रेक्षक सावरून बसायचा, त्याच जातीचं हे काम. पडद्यावर ते पार्श्वसंगीत करतं म्हणतात. इथे होसे निएतोचं संगीत आहेच, पण निम्मं काम भाषाच करते.

मला खटकलं ते वेगळंच, पण ते नंतर लिहीन. तालमीला जायचंय.

रशियन सॅलड

चर्चा चांगली चाललीय, पण याच नाटकावर १९७८ साली लेनफिल्म या सोव्हिएत स्टुडिओने दूरचित्रवाणीसाठी केलेला सिनेमा कुणी पाहिलाय का? दिग्दर्शक यान फ्रीद. मार्गारिता तेरेखोवा दियाना आणि मिखाईल बोयार्स्की तेओदोरो. रशियात शिकायला होतो तेव्हा सणासुदीला टीव्हीवर लागायचा आणि हॉस्टेलातल्या पोरींना पाठ होता. तिथेही पद्य आहे, लोझिन्स्कीचं रशियन भाषांतर. पण त्यांनी गेन्नादी ग्लादकोवची गाणी घातली आणि त्रिस्तानच्या, म्हणजे तेओदोरोच्या नोकराच्या, भूमिकेत अर्मेन जिगारखान्यानला मोकळं सोडलं. धमाल! मिरोचा सिनेमा त्यापुढे संग्रहालयात फिरल्यासारखा वाटतो. देखणा आहे, हात लावायची मात्र चोरी.

छंदाचा आग्रह असेल तर गाणंच का नको? आपल्या लोकांना तर तेच जास्त पटेल.

पिटातला प्रेक्षक

सॅलडशेठ, फ्रीदचा मीही पाहिलाय. तेरेखोवा अफाट आहे, त्यात वाद नाही. पण ती पहिल्यापासून महाराणी आहे. आपण हरणार नाही हे तिला माहीत असल्यासारखं वाटतं. सुआरेसच्या दियानाला स्वतःचीच भीती वाटते. पहिल्या अंकाच्या शेवटी ती मुद्दाम पडते, त्याने हात द्यावा म्हणून. तो शिष्टाचार पाळून हातावर झगा गुंडाळून हात पुढे करतो, तर ती त्यावरून त्याला टोमणा मारते. रंगमंचावर पंधराव्या रांगेतून ही एक गंमत असते. कॅमेरा जवळ गेल्यावर दिसतं की उघडा हात हवाय आणि तो मागायची लाज वाटतेय. रस्सेभाऊ, हे ‘दाखवणं’ नाही तर काय?

चौथी बाजू

तुम्ही सगळे इतके छंदात रमलाय की या सिनेमात नेमकं काय घडतं ते कुणी बोलतच नाही.

मालकीण नोकराला सुनीत दाखवते. नोकराने काय करायचं? ‘नाही’ म्हणायची सोय आहे का त्याला? मार्सेलाशी बोलतो म्हटल्यावर ती मार्सेलाला खोलीत कोंडते. नंतर हा परत मार्सेलाकडे वळला तेव्हा त्याच्या थोबाडीत अशी मारते की नाकातून रक्त येतं. मग त्या रक्ताळलेल्या रुमालाचे दोन हजार एस्कुदो देते. याला तुम्ही प्रणयकथा म्हणता. बाईच्या जागी पुरुष आणि सेक्रेटरीच्या जागी बाई ठेवा, मग बघा किती जण हसतात.

आणि तेओदोरो तरी काय मोठा लागून गेलाय? काउंटेसने एक इशारा दिला तर मार्सेलाचं पत्र न वाचता फाडतो. इशारा मागे घेतला की परत मार्सेलाच्या दारात. शिडीवर पाय ठेवून वर बघणारा माणूस आहे तो, आणि त्या शिडीची पायरी म्हणजे मार्सेला. शेवटी तिची वाट काय लावतात? फाबियोशी लग्न लावून देतात. फाबियो म्हणजे तोच, ज्याला तिने तेओदोरोला जळवण्यासाठी वापरलं होतं. हुंडा सरदार देतात, झालं, मिटलं. आना दुआतोने मार्सेला केलीय, चांगली केलीय, म्हणून तर जास्त टोचतं.

मला छंदाचं कौतुक आहे. पण छंदामुळे हे सगळं गोड लागतं, हीच माझी तक्रार. गद्यात असतं तर तुम्हीच म्हणाला असता, ‘काय दुष्ट बाई आहे.’

अण्णा सोलापूरकर

चौथीताईंशी निम्मा सहमत.

पण विनोदी नाटक आणि न्यायनिवाडा यांची गल्लत नको. आमच्या पिढीने ‘सौभद्र’ कितीदा पाहिलं असेल. अर्जुन खोटा यती होऊन घरात शिरतो, कृष्ण सख्ख्या भावाला, बलरामदादाला, खुशाल फसवतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. तिथला कृष्ण तसा इथला त्रिस्तान, तेओदोरोचा नोकर. हा पठ्ठ्या काय करतो? लुदोविको नावाच्या म्हाताऱ्या काउंटचा मुलगा वीस वर्षांपूर्वी समुद्रावर हरवलेला असतो. त्रिस्तान परदेशी व्यापाऱ्याचं सोंग घेऊन त्याच्याकडे जातो, लांबलचक कहाणी रचतो आणि तेओदोरोच तुमचा तो मुलगा असं पटवून देतो. झाला सेक्रेटरीचा काउंट! त्याच वेळी दियानाचे दोन सरदार तेओदोरोचा काटा काढायला मारेकरी शोधतात आणि नेमकं त्रिस्तानलाच पैसे देतात. एवढं बेमालूम बांधकाम चारशे वर्षांपूर्वीचं आहे, नमस्कार करावा की नाही?

फसवणूक हे विनोदी नाटकाचं भांडवल आहे. ते काढून घेतलं तर दुकान बंद.

चौथी बाजू

अण्णा, ‘सौभद्र’चं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. अर्जुन आणि सुभद्रा बरोबरीचे आहेत. तिथे यतीचा वेष उतरला की खाली राजपुत्रच आहे, सगळ्यांचं समाधान. इथे वेष उतरवला तर खाली नोकर आहे. म्हणून तो वेष आयुष्यभर उतरवायचा नाही असं ठरतं. आणि ज्या म्हाताऱ्याला मेलेला मुलगा परत दिला, त्याच्या भावनांचं काय? तो शेवटपर्यंत खूष आहे, कारण त्याला कुणी खरं सांगत नाही. मला तो प्रसंग बघताना हसू आलं नाही.

माद्रिदकर

इथे बारा वर्षं राहतोय, म्हणून थोडी भर.

पिलार मिरो कोण होती हे न सांगता हा सिनेमा बघणं म्हणजे अर्धं बघणं. १९७९ साली तिने ‘एल क्रिमेन दे क्वेंका’ केला. सिव्हिल गार्डने (स्पेनच्या निमलष्करी पोलिसांनी) दोन निरपराध माणसांचा छळ करून कबुलीजबाब काढला, त्या जुन्या खऱ्या खटल्यावरचा. हुकूमशहा फ्रँको जाऊन चार वर्षं झाली होती, तरी सिनेमा अडकवला गेला आणि तिच्यावर लष्करी न्यायालयात कारवाई सुरू झाली. प्रदर्शित झाला १९८१ साली. पुढे समाजवादी सरकार आलं आणि तीच बाई सिनेमा खात्याची प्रमुख झाली. १९८३ चा अनुदानाचा जो फतवा ‘मिरो कायदा’ म्हणून ओळखला जातो, तो तिचा. मग १९८६ पासून सरकारी दूरचित्रवाणीची महासंचालक. आणि १९८९ साली पद सोडावं लागलं, का, तर सरकारी पैशातून कपडे आणि दागिने घेतले असा आरोप. न्यायालयाने पुढे निर्दोष सोडलं, पण तोवर सगळ्या स्पेनने तिच्या कपड्यांची चर्चा चवीने करून झाली होती.

आता दियानाकडे बघा. सत्ता हातात आहे, पण प्रत्येक हालचालीवर घरच्यांची, दारच्यांची नजर. जे पुरुष काउंटने सहज केलं असतं ते हिने केलं की अब्रू जाणार. आणि कपडे! पेद्रो मोरेनोने केलेले ते झगे, ज्यांसाठी त्यालाही गोया मिळाला, ते दियाना मिरवत नाही, अंगावर वागवते. ज्या बाईला कपड्यांवरून खुर्चीवरून उतरवलं, तिने हा सिनेमा कपड्यांनी भरून टाकावा, यात मला तरी जबाब दिसतो.

अजून एक. १९९५ साली सेव्हियात इन्फांता (राजकन्या) एलेनाचं लग्न झालं, त्याच्या थेट प्रक्षेपणाचं दिग्दर्शन मिरोचं. ऑक्टोबर १९९७ मध्ये बार्सेलोनात धाकट्या इन्फांता क्रिस्तीनाचं, तेही तिचंच. त्यानंतर पंधरा दिवसांत मिरो हृदयविकाराने गेली. खानदानी लग्नं कॅमेऱ्यासमोर कशी मांडली जातात हे तिला जितकं माहीत होतं तितकं क्वचितच कुणाला असेल. सिनेमातला शेवटचा लग्नाचा थाट मी त्या नजरेने बघतो. चौथीताई, तो थाट तुम्हाला खोटा वाटला ना? मला वाटतं तिलाही वाटत होता.

तांबडा रस्सा

माहिती भारी आहे, पण माद्रिदकर, दिग्दर्शिकेचं चरित्र जोडून सिनेमा चांगला करता येत नाही. तसं असतं तर प्रत्येक सिनेमाबरोबर एक पुस्तिका वाटावी लागेल. झगे सुंदर आहेत, बास. जबाब वगैरे तुम्ही बाहेरून आणलेला.

आणि मला अजून कुणी सांगितलं नाही, की मी खाली वाचू की वर बघू?

माद्रिदकर

दोनदा बघा. पहिल्यांदा वाचा, दुसऱ्यांदा बघा. इथली पोरंसुद्धा लोपेचं पद्य शाळेत टिपा बघून वाचतात, सगळ्यांना सगळं कळतं असं समजू नका. तरीही थिएटरं भरली, तेव्हा कळणं म्हणजे प्रत्येक शब्द कळणं नव्हे.

मांडवीकाठ

थोडं अवांतर, पण आम्हा गोंयकारांना हा सिनेमा बघताना घरी आल्यासारखं होतं. कथा नेपल्सची आणि नाटककार माद्रिदचा, पण चित्रीकरण सगळं पोर्तुगालमधलं. सिंत्रा, केलूश, लिस्बनचा फ्रोंतेइरा महाल. बागेतल्या त्या निळ्या-पांढऱ्या आझुलेज फरशा पाहिल्यावर मला पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातली भिंत आठवली, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेली.

इतिहासवाल्यांनी नाक मुरडायचं तर इथे मुरडावं. फ्रोंतेइरा महाल सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, केलूश अठराव्या शतकातला, आणि लोपे १६३५ साली गेला. म्हणजे दियाना अजून न बांधलेल्या घरात राहते. पण एका अर्थी निवड चुकीची नाही. १५८० ते १६४० पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडेच होता. नाटक लिहिलं गेलं तेव्हा नेपल्स, लिस्बन आणि आमचं गोवा, तिन्हीकडे एकच फिलिप राजा. तेव्हा तेओदोरो जेव्हा ‘मी दूर निघून जातो’ म्हणतो, तेव्हा तो स्पेनऐवजी जुन्या गोव्याला आला असता तरी त्याच राजाची चाकरी करावी लागली असती.

शिवाय महालाची जागा फक्त शोभेची नाही. जिने, गच्च्या, झाडांच्या कापलेल्या भिंती, सगळीकडून कुणीतरी ऐकतंय. आगिर्रेसारोबेचा कॅमेरा दियानाला वारंवार कुठल्यातरी कमानीत, चौकटीत पकडतो. रस्सेभाऊ, ही पटकथाच आहे, फक्त शब्दांची नाही.

तांबडा रस्सा

हे पटलं. चौकटीचं. बाकीचं नाही.

रशियन सॅलड

गाण्यांच्या प्रश्नाला सगळ्यांनी शिताफीने बगल दिली, नोंद घेतली आहे.

विंगेतली बाई

बगल नाही, तालमीत होते. गाणं आलं की प्रेक्षक पात्राला माफ करतो. आपल्या संगीत नाटकाचं सगळं राज्य त्यावर चाललं. दियाना गायला लागली तर तिची ती थप्पडही लाडिक होते. मिरोला ती माफी द्यायची नव्हती. चौथीताई म्हणतात छंदामुळे सगळं गोड लागतं, तिथे माझं जमत नाही. छंद बोलला गेला की उलट धार येते, कारण रागाच्या भरातही ती बाई ओळ मोजून बोलते. स्वतःवर एवढा ताबा असलेला माणूस हात उगारतो तेव्हा जास्त भीती वाटते.

आता मला खटकलं ते. त्रिस्तान. फेर्नांदो कोंदे चांगला नट आहे, पण हे पात्र नाटकात ज्या जोरात धावतं, तसं सिनेमात धावत नाही. कोर्रालमध्ये, म्हणजे त्या काळच्या उघड्या चौकातल्या नाट्यगृहात, खाली उभ्याने बघणारे पुरुष आणि वरच्या सज्जात कोंबलेल्या बायका, या सगळ्यांशी त्रिस्तानचं थेट बोलणं असायचं. असा चौक आजही अल्माग्रोला शाबूत आहे, तिथे दर उन्हाळ्यात महोत्सव भरतो. पडद्यावर त्याच्यासमोर कुणीच नाही. तो एकटाच हसवतोय. नाटकाचा सिनेमा झाल्यावर राजाराणी वाचतात, विदूषक मरतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. तेवढ्यापुरते गुण फ्रीदच्या सिनेमाला. तिथला त्रिस्तान प्रेक्षक बरोबर घेऊन फिरतो.

पिटातला प्रेक्षक

त्रिस्तानबद्दल मान्य नाही, पण भांडायला मजा येईल. आधी चौथीताईंना उत्तर.

तुम्ही म्हणता तो अन्याय लोपेला दिसत नव्हता असं धरून चाललाय. नाटकाचा शेवट आठवा. तेओदोरो दियानाला खरं सांगून टाकतो: मी काउंटचा मुलगा नाही, सगळी त्रिस्तानची बनवाबनवी आहे. (तुमच्या शिडीवाल्याने शिडी स्वतःच्या हाताने काढून घेतली, एवढं तरी त्याच्या खात्यावर लिहा.) दियानाचं उत्तर काय? सुख थोरपणात नसतं, जे हवं त्याच्याशी मन जुळण्यात असतं. म्हणजे सगळं माहीत असून ती लग्न करते. आणि अगदी शेवटी तेओदोरो प्रेक्षकांकडे वळून हात जोडतो, हे गुपित कुणाला सांगू नका. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या गर्दीत सरदार होते, सेक्रेटरी होते, दासी होत्या. त्या सगळ्यांना लोपेने कटात सामील करून घेतलं. खानदान म्हणजे काय, तर सगळ्यांनी मिळून न फोडलेलं गुपित, असं त्या काळी कुणी भाषणात म्हटलं असतं तर निभावलं नसतं. विनोदी नाटकात निभावलं.

चौथी बाजू

गुपित राखणाऱ्यांत मार्सेला नाही. तिला कुणी सांगितलंच नाही. तुमचा कट वरच्यांचाच राहिला.

आणि तेओदोरोच्या खऱ्या बोलण्यानंतर तुमची उदात्त दियाना लगेच पुढे काय म्हणते ते का गाळलंत? गुपित त्रिस्तानला माहीत आहे, तेव्हा तो झोपला की त्याला विहिरीत टाकून देऊ! ज्याने हिचं लग्न जुळवून दिलं त्याला!

पिटातला प्रेक्षक

ती गंमत आहे हो. त्रिस्तान मागेच उभा असतो, ऐकतो आणि बोंब ठोकतो. प्रेक्षक हसतात.

विंगेतली बाई

तालमीत हीच ओळ तीन नटींकडून वाचून घ्या. दोघी हसत म्हणतील. तिसरी जर न हसता, सरळ म्हणाली ना, तर नाटक दुसरंच होतं. ओळीत दोन्हीला जागा आहे.

चौथी बाजू

मला तिसरी नटी चालेल.

अण्णा सोलापूरकर

सुटला म्हणायचा बिचारा. शेवटी त्रिस्तानचं दोरोतेआ दासीशी लग्न ठरतं, हुंडा सरदार देतो, आणि तो त्याच घरात नोकरीला राहतो. मी असतो तर हुंडा मोजून घेतला असता आणि त्याच रात्री बायकोसह मुलूख सोडला असता. त्या महालात विहिरी किती आहेत कुणाला ठाऊक.